वायरचं दुसरं टोक

देविदास तायडे यांचं अक्षर नांदुरा तालुक्यातल्या कितीतरी घरांत आजही आहे. ते पाहायचं असेल तर त्या घरचं कपाट उघडावं लागतं. लोखंडी कपाटाच्या दाराला आतून लोक देवाचं चित्र, लग्नपत्रिका, गॅसवाल्याचा नंबर असं काहीबाही चिकटवतात. त्याच जागी तायडेकाका एक कागद चिकटवून जात. त्यावर निळ्या पेनानं काढलेला घराचा नकाशा, लाल पेनानं काढलेल्या वायरी आणि खाली तीन रकाने: तारीख, काय केलं, कोणी केलं. घरातल्या नेटला ज्यानं हात लावला त्यानं तिथे लिहायचं. मग तो काका असो, मी असो, की घरचा जावई असो.

वडनेर भोलजीच्या एका घरातल्या कागदावर एक ओळ माझी आहे. ती मी दीड वर्ष उशिरा लिहिली. काकांना जाऊन आता वर्ष होत आलं, पण त्यांच्याविषयी काही लिहायला बसलो की मी त्या ओळीपाशीच अडतो. म्हणून तिचा उल्लेख आधीच करून टाकला. तिथपर्यंत पोचण्याआधी काका कसे होते ते सांगतो. माझ्या एका चुकीपुरतं त्यांना लक्षात ठेवणं हा त्यांच्यावर आणखी एक अन्याय होईल.

माझं नांदुऱ्यात स्टेशनच्या रस्त्यावर कॉम्प्युटरचं दुकान आहे. काका टेलिफोन खात्यात लाइनमन होते. सारी नोकरी खांबांवर गेली. ते रिटायर झाले तोवर घरोघरचे फोन टीपॉयवरून माळ्यावर गेले होते. एका दुपारी ते दुकानात आले. अंगात नोकरीतलाच खाकी शर्ट, खांद्याला थैली, चष्म्याच्या काड्यांना निळ्या-पांढऱ्या टेलिफोन वायरीची दोरी. मला वाटलं, चार्जर बदलून घ्यायला आले असतील.

"गजाननभाऊ तुमीच ना? मले हे घरातल्या घरात नेट फिरवाचं काम शिकाचं हाय."

"कोणासाठी, काका?"

"माह्यासाठी. आनखी कोनासाठी?"

मी हसलो. त्या काळात आपल्याला फार येतं असं मला वाटायचं. मी वायरीचा तुकडा सोलला, आतल्या आठ तारा पसरल्या आणि मास्तर झालो. "हे पाहा, आधी पांढरा-नारंगी, मग नारंगी, मग पांढरा-हिरवा..."

काकांनी तुकडा माझ्या हातातून काढून घेतला. "क्रम तेवढा लिहून दे. रंग नको शिकवू मले. रंगाईवरच लेकरं मोठे केले म्या."

मनगटाएवढ्या जाड केबलमधून एकेक रंगीत जोडी वेगळी काढणाऱ्या माणसाला आठ तारा म्हणजे काय! तिसऱ्या दिवशी त्यांची जोड माझ्यापेक्षा सरळ येऊ लागली. पहिल्या आठवड्यात मी गजाननभाऊ होतो, दुसऱ्या आठवड्यात गजू झालो. राग आला की ते मला 'मालक' म्हणत. वर्षभरात अशी वेळ आली की लोक दुकानाच्या पायरीवर उभे राहून माझ्याकडे पाहत आणि विचारत, "काका हायेत का?" शाळा-कॉलेजं मोबाइलवर भरायला लागली त्या दिवसांत तर आम्हा दोघांना जेवायला फुरसत नव्हती.

कुठल्याही घरात गेले की काका लगेच वायर काढत नसत. उंबऱ्याशी चपला काढायच्या, पाणी प्यायचं आणि विचारायचं, "तुमच्या घरी चहा कोठी बसून पेता?"

लोक गोंधळत. त्यांना डबा हॉलमधल्या शोकेसमध्ये हवा असे, ट्रॉफी आणि काचेच्या बदकांच्या मधोमध. राउटरला काका डबाच म्हणत. "नवी वस्तू हाय काका, दिसाले पाह्यजे," असं कोणी म्हटलं की ते शांतपणे सांगत, "दिसून काय करता? पोहोचाले पाह्यजे." मग स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथे घरातली सगळी माणसं कधी ना कधी टेकतात, तिथे भिंतीवर खिळा मारला जाई. माणसं जिथे चहा पितात तिथेच मोबाइल पाहतात, हा त्यांचा शोध होता. माझ्याजवळ रेंज मोजायचं ॲप होतं. त्याचं उत्तर बहुतेक वेळा चहाच्या जागेवरच येई.

समजावून सांगायची त्यांची रीत मला शेवटपर्यंत जमली नाही. घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला, टीव्हीला तो डबा एकेक पत्ता वाटतो, आणि पत्ते वाटणारा घरात एकच असावा लागतो, हे मी लोकांना इंग्रजी शब्दांत सांगायचो. ते घाबरून माना डोलवायचे. काका म्हणत, "रोडग्याची पंगत बसली समजा. वाढनारा एक असला तं कोनाच्या पत्रावळीवर काय पडलं ते त्याले मालूम रायते. तेच दोघं वाढाले लागले, तं एकाले दोनदा वरन, अन् दुसरा हात वर करूनच बसला." हे ऐकून नांदुऱ्यातली कोणतीही म्हातारी हसायची आणि तिला कळायचंही.

म्हाताऱ्यांशी त्यांचं विशेष जमे. पासवर्ड घरातल्या सर्वांत मोठ्या बाईनं ठेवायचा, हा त्यांचा आणखी एक नियम. पोरं कुरकुर करत. काका म्हणत, "तिजोरीची किल्ली तिच्याजवळ चालते, मंग हे काऊन नाही?" आमच्या गल्लीमागच्या एका घरी एका आजींनी आपल्या मेलेल्या गायीचं नाव ठेवलं, हरणी. काकांनी सांगितलं, नुसत्या नावानं भागत नाही, एखादा आकडा लागतो. आजी म्हणाल्या, "मंग तिचे सात वासरं टाक." तेव्हापासून त्या घराचा पासवर्ड हरणी आणि तिची सात वासरं असा आहे. (आता तो बदलला असेल, नाहीतर मी छापलाच नसता.) घरचा जावई आला आणि मोबाइल काढून पासवर्ड विचारू लागला की आजी म्हणत, "जेवल्यावर सांगते." त्या घरात जावई सासूशी अर्धा तास तरी बोलतो, हे काकांमुळे झालं असं त्यांची लेक मला म्हणाली होती.

एक सवय मात्र सगळ्यांत वेगळी. भिंतीतल्या नळीतून पाच-सहा वायरी गेल्या की कोणतं टोक कोणाचं हे ओळखायचं यंत्र मिळतं. ते काकांच्या थैलीत असे, पण तळाशी. ते आपल्याकडचं टोक दोनदा ओढत आणि आरोळी देत, "त्या टोकाले कोन?" पलीकडच्यानं नुसतं 'आली' किंवा 'हाव', म्हणजे हो, म्हटलेलं चालत नसे. आधी आपलं नाव सांगायचं, मग वायर कुठे निघाली ते. त्यानंतरच दोन्ही टोकांना चिठ्ठी लागे. मला याचा कंटाळा यायचा. दोघंच माणसं घरात, त्यात एक मी, आणि तरी मी ओरडून सांगायचं, "गजानन! आतली खोली!"

एकदा चिडून विचारलं, तेव्हा त्यांनी डावा तळहात उघडून दाखवला. करंगळीपासून मनगटापर्यंत एक जुना चकाकता व्रण. "खांबावर होतो. आमच्या तारेवर लाइटीची तार पडली होती. खालून कोनीतरी 'हाव' म्हनलं. मले वाटलं माह्या जोडीदारानं लाइन पाह्यली. म्या हात घातला. तो 'हाव' दुसऱ्याच मानसाचा होता, चहा पेतं का म्हनून विचारलं होतं त्याले." हे सांगून ते स्वतःच हसले. "तवापासून नाव घेतल्याबिगर मी तार जोडत नाही, गजू."

संग्रामपूरकडचं एक काम आठवतं. सातपुड्याच्या पायथ्याशी एका रिटायर मास्तरांचं घर. गच्चीवरून मागच्या खोलीपर्यंत मी वायर ओढून दिली होती आणि वानरांनी ती तीनदा तोडली. मास्तर फटाके आणून बसले होते. मी लोखंडी पाइप घालायचं ठरवलं. काका म्हणाले, "आज काम नाही करत. आज पाहू." भाजी-भाकर बांधून आणली होती ती सोडून ते गच्चीवर चिंचेच्या सावलीत बसले. मी खाली चडफडत होतो. दुपार कलली तेव्हा टोळी आली. काका जागचे हलले नाहीत. चिंचेवरून कठड्यावर, कठड्यावरून टाकीवर, टाकीवरून शेजारच्या पत्र्यावर, असा त्यांचा ठरलेला मार्ग होता आणि माझी वायर बरोबर त्या मार्गावर आडवी होती.

"वानरायचा रस्ता तुह्या वायरीच्या आधीचा हाय," काका खाली येऊन म्हणाले. "मंग हटनार कोन?"

दुसऱ्या दिवशी आम्ही वायर छज्ज्याखालून फिरवली. पुन्हा ती तुटली नाही. मास्तरांनी ते फटाके दिवाळीला उडवले असतील.

आता वडनेर.

तिथे वसंतराव आहेत, बी-बियाणं आणि खतांचे दुकानदार. तीन भाऊ, एकाच आवारात तीन घरं. काकांनी तिन्ही घरांत नेट फिरवलं, डबा मधल्या घरात चहाच्या जागी लावला, आणि कागद वसंतरावांच्या कपाटात चिकटवला. काम असं सुरेख झालं की गावात अभ्यासिका सुरू करायचं ठरलं तेव्हा कमिटीवर असलेले वसंतराव स्वतःच म्हणाले, तिथलं नेट तायडेच करतील. काकांना त्याचं फार अप्रूप होतं. वडनेरला त्यांची बहीण दिलेली होती. तिथल्या पोरांसाठी आपण काही करतो आहोत, हे त्यांनी मला दुकानात चारदा तरी सांगितलं. चौकोनी वहीच्या कागदावर त्यांनी अभ्यासिकेचा नकाशा काढला, प्रत्येक खुर्चीसह. तो थैलीतच असायचा.

त्याच सुमारास काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि काका त्यांना घेऊन अकोल्याला गेले. एका रविवारी मला वसंतरावांचा धाकटा भाऊ दिनकर याचा फोन आला. वरच्या माडीवर त्यानं नवी खोली बांधली होती, तिथे रेंज येत नव्हती. "मोठ्या भावाले नको सांगू, उगाच म्हनतीन इथंही कशाले पाह्यजे. तू येऊन एक डबा लावून दे."

मला त्या दिवशी मलकापूरला साखरपुड्याला जायचं होतं. वडनेर वाटेवरच होतं, म्हणून थांबलो. काकांनी त्याच्या घरात टाकलेली वायर वर ओढून तिला दुकानातला एक राउटर जोडला. मोबाइलवर रेंजच्या काड्या भरल्या, नेट चाललं, दिनकर खूश. जुन्या वायरीला दुसरा राउटर जोडला की त्याचं पत्ते वाटणं बंद करावं लागतं. हे मला माहीत होतं. हे मीच काकांना पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. बंद करायला दहा मिनिटं लागली असती. म्हटलं, नंतर करू. माझ्या फोनला नशिबानं खऱ्या डब्याकडून पत्ता मिळाला होता म्हणून सगळं ठीक वाटलं. कागदावर लिहायला खाली वसंतरावांच्या खोलीत जावं लागलं असतं, मग दिनकरचं गुपित फुटलं असतं. मी न लिहिता निघालो.

त्या आवारात दोघं वाढायला लागले. कधी या फोनचं नेट जाई, कधी त्या टीव्हीचं. वसंतराव काकांना अकोल्याला फोन करत. दवाखान्याच्या व्हरांड्यातून काका सांगत, डबा बंद करून चालू करा. तेवढ्यापुरतं चाले. मग वसंतरावांनी मला फोन केला. मला शंका आली होती. शंका कसली, मला ठाऊकच होतं. तरी मी म्हणालो, "काकांना विचारा. लाइन त्यांनी टाकली आहे." हे वाक्य मी किती सहज बोललो ते मला अजून ऐकू येतं.

चार-पाच दिवसांनी वसंतरावांची मुलगी ऋतुजा हिची ऑनलाइन मुलाखत होती, पुण्यातल्या एका कंपनीची. इंजिनिअरिंग झालेली, हुशार मुलगी. महिनाभर तयारी केली होती. मुलाखतीत तिचं नेट तीनदा तुटलं. तिसऱ्यांदा जोडेपर्यंत त्या लोकांनी दुसऱ्याला बोलावलं होतं. कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

काका दुसऱ्याच दिवशी अकोल्याहून आले. नांदुऱ्याच्या स्टँडवरून मी त्यांना गाडीवर वडनेरला नेलं. वाटेत सांगता आलं असतं. मी काकूंच्या डोळ्यांची चौकशी केली.

काकांनी घरातले सगळे फोन मागून घेतले आणि ओट्यावर एका ओळीत मांडले. प्रत्येकाचा पत्ता पाहिला. मग चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "दोघं वाढून राह्यले." एकेक वायर तपासत गेले. माडीवरच्या वायरीपाशी आले तेव्हा मला म्हणाले, "वर जाय अन् टोक धर."

मी वर गेलो. दिनकर शेतावर होता. मी लावलेल्या डब्यासमोर मीच उभा राहिलो. वायर दोनदा हलली. खालून आरोळी आली, "त्या टोकाले कोन?"

मी म्हणालो, "दिनकररावांची खोली!"

पुन्हा वायर हलली. "मानसाचं नाव सांग ना बे!"

माझ्या तोंडून नाव निघालं नाही. मी खाकरलो. मग काकाच जिना चढून वर आले. त्यांनी डबा पाहिला. डब्यावर माझ्या दुकानाचं स्टिकर होतं, माझ्या नावाचं, मोबाइल नंबरासकट. मी विकलेल्या प्रत्येक वस्तूवर ते मी स्वतः चिकटवतो. काकांनी ते वाचलं, पत्ते वाटणं बंद केलं आणि डबा असा फिरवून ठेवला की स्टिकर भिंतीकडे गेलं.

खाली वसंतराव, त्यांची बायको, ऋतुजा सगळे उभे होते.

"काय निघालं?"

"वर दुसरा डबा लागला होता. त्यानं घोळ केला."

"मंग चूक कोनाची?"

काका हातातल्या वायरीचं वेटोळं करत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. वायरीचे तीन वेढे होईपर्यंत पाहत राहिले. मी माझ्या चपलांकडे पाहत होतो.

"लाइन माही हाय," ते म्हणाले. "चूक माही."

वसंतराव माझ्याकडे वळले, मी त्यांच्यातला होतो म्हणून. "म्हनून म्हनतो गजानन, काम देतानी मानूस पाहून द्या लागते. या लोकायले एकदा..." आणि थांबले. वाक्य अर्धंच राहिलं, पण त्याचा उरलेला अर्धा भाग त्या अंगणात सगळ्यांना ऐकू आला. काकांनाही. मी तेव्हा बोलायला हवं होतं. चुकीबद्दल नसेल, निदान त्या वाक्याबद्दल तरी. मी खिशात गाडीची किल्ली चाचपत राहिलो. दिनकर संध्याकाळी घरी आला, तोही गप्प राहिला. आम्ही दोघं आपापल्या कारणानं गप्प होतो.

निघण्याआधी काकांनी कपाट उघडून कागदावर लिहिलं. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. 'वरच्या डब्याचं वाटणं बंद केलं. दे. तायडे.' पण ही ओळ त्यांनी एक ओळ सोडून लिहिली होती. वरची ओळ कोरी.

परतीच्या वाटेवर मी गाडी हळू केली. "काका, ते..."

"मले काहाले सांगतं?" मागून आवाज आला. "मले मालूम हाय. ज्याले मालूम नाही त्याले सांग." आणि थोड्या वेळानं, "पुढं पाह्य, गड्डे लय हायेत."

अभ्यासिकेचं काम बाहेरगावच्या लोकांना गेलं. वडनेरहून काकांना पुन्हा कोणी बोलावलं नाही. त्यांच्या बहिणीच्या घराशेजारचेही दुसऱ्याला बोलावू लागले. थैलीतला नकाशा त्यांनी काढून टाकला नाही, पण दाखवणं बंद केलं.

मला वाटलं होतं, ते माझ्यासोबत काम सोडतील. त्यांनी सोडलं नाही. सकाळी येत, चहा घेत, कामावर निघत. त्यांनी मला एकदाही टोमणा मारला नाही. तोंडावर बोलले असते तर मी मोकळा झालो असतो. पण प्रत्येक घरात वायर दोनदा हलायची, आरोळी यायची, "त्या टोकाले कोन?" आणि मी "गजानन" म्हणायचो, तेव्हा दर वेळी माझा आवाज मला खोटा वाटायचा. दीड वर्षात मी तीनदा वडनेरच्या फाट्यापर्यंत जाऊन परत आलो. एकदा तर तिथे उसाचा रस पिऊन आलो.

शेवटी वसंतरावांनीच फोन केला. डबा जुना झाला होता, बदलायचा होता. "तूच ये. त्या तायड्याले नको आनू." मी गेलो. डबा बदलला. मग लिहायला म्हणून कपाट उघडलं.

कागद पिवळा पडला होता. कोरी ओळ तशीच होती. दीड वर्षात त्या घरात दोन-तीन जणांनी नेटला हात लावला होता आणि त्यांनी खाली, काकांच्या ओळीनंतर लिहिलं होतं. मधली जागा कोणी भरली नव्हती. ती कोणासाठी आहे हे जणू कागदालाही माहीत होतं.

"वसंतराव," मी म्हणालो, "वरचा तो डबा मी लावला होता. काकांना माहीतही नव्हतं. ते अकोल्याला होते."

वसंतराव खुर्चीत बसले होते. ते उठून कपाटाशी आले. मग म्हणाले, "तवा काऊन नाही सांगतलं?"

"भेलो."

"कोनाले? मले?"

"तुम्हाला. दुकानाचं नाव जाईल म्हणून. सगळ्यांनाच."

ऋतुजा दारात उभी होती. ती आता गावच्या अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. मला वाटलं, आता ही बोलेल आणि ते मला ऐकून घ्यावं लागेल. ती म्हणाली, "माह्या इंटरव्ह्यूचं जाऊ द्या. त्या दिवशी मी तायडेकाकायले फोन लावला होता. काकू दवाखान्यात होत्या, अन् मी त्यायले नाही नाही ते बोलली. ते नुसते 'हाव बेटा, हाव बेटा' करत राह्यले." तिचे डोळे भरून आले. तिनं टेबलावरचा पेन उचलून माझ्यापुढे धरला. "लिहा."

मी लिहिलं. त्या रविवारची तारीख, 'माडीवर दुसरा डबा लावला, पत्ते वाटणं बंद केलं नाही, कोणाला सांगितलं नाही', आणि माझं पूर्ण नाव. अक्षर वाकडं आलं. जागा पुरली नाही म्हणून शेवटचे शब्द बारीक काढावे लागले.

वसंतरावांनी माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून काकांचा नेहमीचा आवाज आला, "जयभीम, तायडे बोलतो." वसंतराव म्हणाले, "तायडेसाहेब, वसंतराव बोलून राह्यलो, वडनेरहून." काका नंतर मला सांगत होते, "साहेब म्हनल्यावर मले वाटलं राँग नंबर लागला. ठेवूनच देत होतो." अंगणातल्या त्या अर्ध्या वाक्याबद्दल मात्र फोनवर कोणी बोललं नाही. मीही वसंतरावांना आठवण करून दिली नाही. माझ्या कबुलीत ती एक गोष्ट राहून गेली आहे, हे इथे लिहून ठेवतो.

ऋतुजानं फोन आपल्या हातात घेतला. आधी माफी मागितली, मग म्हणाली की अभ्यासिकेतल्या वायरींना चिठ्ठ्याच नाहीत. एखादी खुर्ची बंद पडली की कोणती वायर हलवावी कळत नाही. काका येतील का?

ते आले. गुडघ्यांनी तेव्हा साथ सोडली होती, जिना टाळायचे, पण आले. आधी वसंतरावांकडे जाऊन कपाट उघडलं. चष्मा खाली ओढून माझी ओळ वाचली. खिशातून पेन काढला आणि तारखेच्या बाजूला 'रविवार' लिहिलं. "वार नव्हता लिवला," एवढंच म्हणाले.

अभ्यासिकेत त्यांनी आधी सगळं काम हिंडून पाहिलं. भिंतीवरून हात फिरवला. "चांगलं केलं पोरायनं. सरळ नेलं. चिठ्ठ्या तेवढ्या नाही." थैलीतून चौकोनी वहीचा तो कागद निघाला, घड्यांवर फाटलेला. त्यांच्या खुर्च्या आणि तिथल्या खुर्च्या यांत दोनचाच फरक होता, याचा त्यांना केवढा आनंद झाला!

आणि मग मला दिसलेलं त्यांचं ते शेवटचं काम. यानंतर ते कुठल्या घरी वायर ओढायला गेले नाहीत. लांब टेबलाखाली, सातव्या खुर्चीपाशी, ते आडवे झाले होते. बाहेर दिसत होते फक्त दोन तळवे, भेगाळलेल्या टाचा आणि खाकी पँटच्या दुमडलेल्या कडा. अभ्यासाला बसलेल्या मुली पाय वर घेऊन हसू दाबत होत्या. मी दाराजवळच्या डब्याशी, हातात वायरींचा जुडगा, तोंडात टेप. एक वायर दोनदा हलली.

"त्या टोकाले कोन?"

सगळ्या खोलीनं वर पाहिलं. मी तोंडातली टेप काढली.

"गजानन, काका! सातवी खुर्ची!"

टेबलाखालून आवाज आला, "बराबर हाय. लिव."